फोर बाय फोर पिकअपला कोणता ऑइल फिल्टर घ्यावा? आधी जुना कापून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. २.५ लिटर टर्बो डिझेलची डबल कॅब फोर बाय फोर पिकअप, बीएस-४, १ लाख १० हजार किलोमीटर झालेली. आठवड्यातले पाच दिवस पाटण तालुक्यात पवनचक्क्यांच्या कच्च्या रस्त्यांवर माणसं आणि सामान वाहते, पावसाळ्यात मित्रांबरोबर चिखलात उतरते. दुकानदाराने तीन ऑइल फिल्टर पुढे ठेवले: एक कंपनीचा, एक बाहेरच्या ब्रँडचा 'सिंथेटिक', आणि तिसरा स्टीलच्या जाळीचा, धुऊन पुन्हा वापरायचा, वर 'हाय फ्लो' लिहिलेला आणि सगळ्यांत महाग. यातला कोणता?

उत्तर आधी देऊन टाकतो. तिसरा नको. कंपनीचा डोळे मिटून चालेल. दुसरा कदाचित त्याहून बरा पडेल, पण त्याआधी काही गोष्टी जुळवून बघाव्या लागतील. आणि काहीही विकत घेण्याआधी आत्ता गाडीला जो फिल्टर आहे तो काढा, कापा आणि आतला कागद उलगडून बघा. मी कराडच्या बाजूला २६ वर्षं डिझेल गाड्यांचं काम करतोय. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्याहून जास्त गाड्या डोंगरातल्या. फिल्टर निवडायचा म्हणून आलेल्या माणसाला मी पहिल्यांदा जुना डबा मागतो, कारण इंजिनच्या पोटात काय चाललंय ते त्या डब्याइतकं खरं कोणी सांगत नाही.

आधी बसण्याचं बोलू, कारण नुकसान तिथेच होतं. डब्याचा फिल्टर दिसायला सगळा सारखाच. फरक असतो आट्यांत, रबर रिंगच्या व्यासात आणि आतल्या दोन व्हॉल्व्हमध्ये. आट्यांची बाजारात चालणारी दोन मापं म्हणजे पाऊण इंच सोळा आटे आणि एम २० × १.५. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, आणि सोळा आट्यांतलं अंतर १.५९ मिलिमीटर. दोन्ही मापं एकमेकांच्या इतकी जवळ आहेत की एम २० चा डबा इंजिनवरच्या पाऊण इंची नळीवर चढतो. हाताला थोडा सैल लागतो, पण रिंग टेकली की घट्ट झाल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात आटे फक्त टोकाटोकाला धरलेले असतात. सकाळी थंड इंजिन चालू करून ॲक्सिलरेटर दाबला की ऑइलचा दाब पाच-सहा बारपर्यंत जाऊ शकतो, आणि मग तो डबा आटे सोडतो. चढावर हे झालं तर दिवा लागून तुम्ही गाडी बंद करेपर्यंत चेंबर, म्हणजे इंजिनखालची ऑइलची टाकी, रिकामा झालेला असतो. म्हणून 'बसतोय की' हा पुरावा धरू नका. पार्ट नंबर कॅटलॉगमध्ये तुमच्या इंजिनच्या कोडसमोर जुळवा. गाडीच्या नावापुढे जुळवून भागत नाही, कारण एकाच नावाच्या गाडीत दोन-दोन इंजिनं येऊन गेलेली असतात.

आता व्हॉल्व्ह. एक असतो बायपास व्हॉल्व्ह. फिल्टर तुंबला किंवा ऑइल थंडीने घट्ट झालं की कागदाच्या दोन बाजूंतला दाबाचा फरक वाढतो. तो ठरावीक आकड्याला पोचला, साधारण पाऊण ते पावणेदोन बारच्या मधे, की हा व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल न गाळता थेट इंजिनात जातं. यात चूक काही नाही. बेअरिंगला घाणेरडं ऑइल परवडतं, कोरडं राहणं परवडत नाही. पण काही इंजिनांत हा व्हॉल्व्ह फिल्टरच्या डब्यात असतो, काहींत इंजिनवर फिल्टर बसतो त्या भागात. ज्या इंजिनला तो डब्यात लागतो त्याला बिनव्हॉल्व्हचा डबा लावला तर तुंबल्यावर वाट उरत नाही आणि कागद फाटतो. फाटलेल्या कागदाचे तुकडे मग ऑइलच्या गॅलरीत, म्हणजे इंजिनातल्या ऑइलच्या वाटांत, जातात. उलट, कमी दाबाला उघडणारा व्हॉल्व्ह लावला तर थंडीत आणि जोरात चालवताना अर्धं ऑइल गाळल्याविनाच फिरतं. तुम्ही कितीही बारीक मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फिल्टर घेतलात तरी उघड्या बायपासपुढे त्याचा उपयोग शून्य. बाहेरच्या ब्रँडचा डबा घेताना दुकानदाराला हा एक प्रश्न जरूर विचारा: बायपास किती बारला उघडतो? चांगल्या कंपनीच्या कॅटलॉगमध्ये हा आकडा दिलेला असतो. तो तुमच्या मूळ फिल्टरशी जुळला पाहिजे.

दुसरा व्हॉल्व्ह म्हणजे आतली रबराची चकती, इंजिन बंद झाल्यावर डब्यातलं ऑइल खाली वाहून जाऊ नये म्हणून. तुमच्या गाडीत डबा आडवा किंवा तिरका असेल तर ही चकती फार महत्त्वाची. ती कडक झाली की रात्रभरात डबा रिकामा होतो आणि सकाळी चालू करताच दोन-तीन सेकंद खडखड ऐकू येते. तेवढे सेकंद टर्बोचं बेअरिंग कोरडं फिरतं. नवा डबा हातात घ्या आणि कडेच्या बारीक भोकांतून आत बघा. काळी चकती बहुधा नायट्राइल रबराची असते, केशरी किंवा लालसर असेल तर सिलिकॉनची असण्याची शक्यता जास्त. सिलिकॉन उष्णतेत आणि थंडीत मऊ राहतं. रोज लो रेंजमध्ये, म्हणजे फोर बाय फोरच्या जास्त जोराच्या गिअरमध्ये, कमी वेगात, तापलेल्या इंजिनवर चढणाऱ्या गाडीला मी सिलिकॉनवालाच पसंत करतो.

मायक्रॉनच्या आकड्याकडे लोक आधी बघतात, मी शेवटी बघतो. डब्यावर '२० मायक्रॉन' लिहिलेलं असलं तरी त्या मापाचे कण तो किती अडवतो हे कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. अर्धे अडवले तरी २० मायक्रॉन लिहिता येतं आणि शंभरातले नव्व्याण्णव अडवले तरी. याची चाचणी आयएसओ ४५४८-१२ या पद्धतीने होते आणि निकाल बीटा गुणोत्तरात देतात. २० मायक्रॉनला बीटा ७५ म्हणजे त्या मापाचे ७५ कण आले तर एक पलीकडे जातो, म्हणजे ९८.६७ टक्के अडले. बीटा २ म्हणजे निम्मे गेले. हा आकडा जो ब्रँड उघडपणे देतो त्याच्यावर मी विश्वास ठेवतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. बेअरिंगमधला ऑइलचा थर याच्या कितीतरी पट पातळ, आणि त्या थराएवढे किंवा त्याच्याहून थोडे जाड कण, साधारण ५ ते २० मायक्रॉनचे, धातू खरवडतात. म्हणजे डोळ्यांना दिसत नाही तेच इंजिन खातं.

यावरून स्टीलच्या जाळीचा फिल्टर का नको ते कळेल. जाळीची भोकं बहुतेक ३० मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून मोठी. ज्या मापाचे कण धोक्याचे ते तिच्यातून सरळ जातात. शर्यतीच्या इंजिनाला ती चालते, कारण तिथे ऑइल दर स्पर्धेनंतर बदलतात आणि जाळी काढून धातूचे तुकडे आलेत का ते लगेच बघता येतं. गोव्यात २०१४ पासून भर पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज होते. तसल्या स्पर्धेच्या गाडीचं गणित वेगळं आणि रोज पन्नास-साठ किलोमीटर फुफाट्यातून जाऊन पोटासाठी राबणाऱ्या गाडीचं वेगळं. शिवाय जाळी घरी धुणं म्हणजे डिझेलच्या त्याच डबड्यात बुडवणं, ज्यात आधी घाण धुतलेली असते. कुठली बाजू आतली, कुठली बाहेरची, हे एकदा चुकलं की घाण स्वच्छ बाजूला.

आणि 'हाय फ्लो'चं म्हणाल तर ऑइल पंप प्रत्येक फेऱ्याला ठरावीक ऑइल ढकलतो. पुढे फिल्टर कुठलाही असो, जास्तीचं ऑइल तो आणणार कुठून? चांगल्या फिल्टरचा फायदा एवढाच की ऑइल त्यातून जाताना दाबाची घट कमी होते आणि बायपास उशिरा उघडतो. त्यासाठी जाळी लागत नाही, चांगला सिंथेटिक कागद पुरतो.

सिंथेटिकची बाजू तुमच्यासारख्या वापरात खरंच जड आहे. साध्या फिल्टरचा कागद लाकडाच्या लगद्याचा. ऑइलमध्ये पाणी शिरलं तर तो फुगतो, घड्या एकमेकींना चिकटतात, आणि वाट अरुंद होते. काचेच्या किंवा पॉलिएस्टरच्या बारीक धाग्यांचा थर पाण्याने फुगत नाही, घाण जास्त धरतो आणि थंड ऑइलला कमी अडवतो. पावसात कोयनेच्या खोऱ्यातले ओढे ओलांडणाऱ्या गाडीला, किंवा लडाखला जाऊन पहाटे गोठलेल्या थंडीत चालू करावं लागणाऱ्या गाडीला याचा उपयोग आहे. मात्र निव्वळ डब्यावर 'सिंथेटिक' छापलंय म्हणून घेऊ नका. आटे, रिंग, बायपासचा दाब आणि चकती हे चार जुळले तरच.

आता जुना डबा कापण्याकडे येतो. मला खरं बोलायचंय ते याबद्दल.

डबा काढला की तोंड खाली करून रात्रभर एका बादलीवर निथळत ठेवा. कापायला हॅक्सॉ वापरू नका, कापताना डब्याचा चुरा आत पडतो आणि मग इंजिनचा कुठला आणि डब्याचा कुठला हे ओळखता येत नाही. पाइप कापायच्या चाकासारखा फिल्टर कटर मिळतो. डब्याच्या तोंडाजवळच्या शिवणीच्या जरा खाली तो गोल फिरवायचा. टोपण सुटलं की आतला गठ्ठा बाहेर काढा आणि धारदार कटरने कागद वर-खाली कापून पट्टी मोकळी करा. ती जुन्या सुती फडक्यात गुंडाळून व्हाइसमध्ये हळूहळू आवळा, ऑइल पिळून निघेल. मग पट्टी पांढऱ्या परातीत उन्हात पसरा आणि एकेक घडी बोटांनी उघडत जा.

काळा, वंगणासारखा चिकटा असेल तर घाबरू नका, डिझेलची काजळी आहे. अभ्रकासारखी चमचम दिसली आणि चुंबकाला चिकटली नाही, तर ती बेअरिंगची धातू. चुंबकाला केसासारखे तुकडे लागले तर टायमिंग चेन, गिअर किंवा पिस्टनच्या रिंगांकडे बघायला हवं. रबरासारखे पांढरे-निळे-लाल धागे निघाले तर कोणीतरी चेंबर बसवताना सीलंट हात सोडून लावलंय. तेच धागे ऑइल ओढणाऱ्या जाळीवर बसतात आणि प्रेशर पाडतात. घड्या लाटेसारख्या वेड्यावाकड्या झाल्या असतील तर पाणी शिरलंय किंवा फिल्टर खूप दिवस तुंबून चाललाय. आणि अंगठा आणि तर्जनीत चिकटा चोळून बघा. करकर लागली, पिठात खडा लागावा तशी, तर ती धूळ.

ही करकर लागली तर नवा ऑइल फिल्टर निवडून काही होणार नाही. धूळ ऑइलमध्ये येते ती हवेच्या वाटेने. दोन वर्षांपूर्वी वनकुसवड्याच्या पठारावर चालणारी एक पिकअप आमच्याकडे आली. मालक म्हणाला, ऑइल लवकर काळं होतंय, ताकद कमी झालीय, अजून बारीक मायक्रॉनचा फिल्टर द्या. आम्ही डबा कापला, घड्यांत तांबूस करकर. एअर फिल्टर नवा होता, त्याची डबीही स्वच्छ. मग डबीपासून टर्बोकडे जाणारा रबरी पाइप काढून आत बॅटरी मारली. क्लिपच्या बरोबर खाली नखाएवढी चीर होती, आणि तिथून पुढे पाइपच्या आतल्या भिंतीवर जांभ्याच्या धुळीची तांबडी रेघ ओढलेली. एअर फिल्टर आपलं काम करत होता, आणि हवा त्याला वळसा घालून आत जात होती. पाइप आणि क्लिप बदलली, ऑइल दोनदा लवकर बदललं. तिसऱ्या वेळी कापलेल्या डब्यात करकर नव्हती. तोवर रिंगा थोड्या झिजल्याच होत्या, ते परत भरून येत नाही. म्हणून तुम्ही १ लाख १० हजार म्हणालात तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे फिल्टरच्या आधी तो पाइप आला. स्नॉर्कल, म्हणजे इंजिनची हवा उंचावरून घेणारा पाइप, बसवला असेल तर त्याचे सगळे जोडही तपासा. पाणी अडवायला लावलेला स्नॉर्कल सैल जोडातून धूळ ओढतो.

बदलायचा कधी, हेही निवडीइतकंच मोठं. तुमचं किलोमीटरचं घड्याळ तुम्हाला कमी सांगतंय. चढावर ताशी दहाच्या वेगाने आठ तास चाललेली गाडी घड्याळात ८० किलोमीटर दाखवते, इंजिन मात्र आठ तास भाराखाली फिरलेलं असतं. आम्ही अंदाजाला एक तास म्हणजे ५० किलोमीटर धरतो. मॅन्युअलमध्ये धुळीच्या आणि जड वापरासाठी वेगळा, कमी अंतराचा तक्ता असतो, तो तुमच्यासाठी छापलेला आहे. तो नसेल तर नेहमीच्या अंतराच्या निम्म्यावर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला. जुना फिल्टर ठेवून नुसतं ऑइल बदलायची काटकसर करू नका, डब्यात उरलेलं पाऊण-एक लिटर काळं ऑइल नव्यात मिसळतं. बीएस-६ गाडी असणाऱ्यांनी आणखी एक बघावं: डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, साफ होताना जास्तीचं डिझेल ऑइलमध्ये उतरू शकतं. डिपस्टिकवर पातळी आपोआप वर चढलेली दिसली तर अंतराची वाट बघत बसायचं नाही.

पाण्यातून गेल्यावर डिपस्टिकवर दुधाळ चहाचा रंग दिसला तर इंजिन चालवू नका. गाडी थोडा वेळ उभी ठेवून चेंबरचा नट हळूच सैल करा. पाणी जड, ते आधी येतं. आलं तर ऑइल आणि फिल्टर दोन्ही गेले असं धरा, डबा कालच बसवलेला असला तरी.

नकली डबे बाजारात आहेत आणि खोके हुबेहूब असतात. मी खोक्यापेक्षा डब्याचं तोंड बघतो. आट्यांवर बोट फिरवलं तर धार किंवा चुरा लागता कामा नये, रबर रिंग खाचेत सगळीकडे सारखी बसलेली हवी, मधल्या भोकातून दिसणारी आतली नळी सरळ हवी. शंका असली तर दोन डबे घ्या आणि एक न वापरता कापून बघा. काही शे रुपये जातात, पण एकदा खात्री झाली की त्या दुकानातून पुढची पाच वर्षं निर्धास्त घेता येतं. मी तसं केलंय. दोन सारख्याच खोक्यांतल्या डब्यांत एकाच्या घड्या दुसऱ्याच्या निम्म्या होत्या, आणि टोकाला डिंकही अर्धवट.

बसवताना दोनच गोष्टी जीव ओतून करा. पहिली, जुनी रबर रिंग डब्याबरोबर आलीय का ते बघा. उमेदवारीच्या दिवसांत माझ्या हातून एकदा ती इंजिनलाच चिकटून राहिली आणि मी तिच्यावर नवा डबा चढवला. गॅरेजात थेंबही गळला नाही. कुंभार्ली घाटात दोन रिंगा एकमेकींवरून सरकल्या आणि सगळं ऑइल रस्त्यावर गेलं. ड्रायव्हरने लगेच इंजिन बंद केलं म्हणून क्रँक वाचला. त्या दिवसापासून आमच्याकडे बसायची जागा फडक्याने पुसून, बोट फिरवून, मोठ्याने 'रिंग निघाली' असं म्हटल्याशिवाय कोणी नवा डबा उचलत नाही. नव्या रिंगला बोटाने ताजं ऑइल लावा, रिंग टेकली की हाताने पाऊण फेरा, डब्यावर वेगळं लिहिलं असेल तर ते. पाना काढायला असतो, आवळायला नाही. तुमच्या गाडीत डब्याऐवजी प्लास्टिकच्या टोपणात कागदाचा गाभा असेल तर टोपणावर किती आवळायचं ते छापलेलं असतं, बऱ्याच ठिकाणी २५ न्यूटन-मीटर. त्यापुढे गेलात तर टोपण तडकतं.

दुसरी, डबा उभा बसत असेल तर आधी ऑइल भरा, पण कडेच्या बारीक भोकांतून, हळूहळू. मधल्या मोठ्या भोकातून कधीच नाही, ती गाळलेल्या ऑइलची बाजू आहे. तिथून ओतलेलं ऑइल, ओतणीवरच्या धुळीसकट, थेट बेअरिंगला जातं. पातळी वरच्या खुणेच्या पुढे नेऊ नका. तिरक्या चढावर 'जास्त ऑइल बरं' असं वाटतं, पण जादा ऑइल क्रँक घुसळतो, फेस येतो, आणि फेसाचं प्रेशर टिकत नाही.

डब्याखाली स्किड प्लेट, म्हणजे दगडांपासून वाचवणारा पत्रा, नसेल तर ती आधी बसवा. दगडाने चेपलेला चांगला डबासुद्धा गळतो. त्याच नळीला बसणारा जास्त लांबीचा डबा काही जण लावतात, घाण धरायला जागा वाढते हे खरं, पण तुमच्या रस्त्यांवर तो दोन बोटं खाली लोंबत असेल तर मी तो लावणार नाही.

तर या रविवारी डबा काढा, निथळू द्या, कापा. नव्या डब्यावर मार्करने तारीख, किलोमीटर आणि शक्य असेल तर तास लिहा. बोटाला करकर लागत नसेल आणि चार मापं जुळत असतील तर सिंथेटिक घ्या. करकर लागली तर कंपनीचा साधा डबा बसवा, एअर फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा पाइप काढून आत बॅटरी मारा, आणि दोन हजार किलोमीटरने तो नवा डबाही काढून कापा.